कोठीच्या खोलीतली पाहुणी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नसेल त्याने इथेच थांबावं. मी कुणाच्या विनवण्या करायला बसलेली नाही.

माझ्या सुनेच्या बाबतीत घडली. आमच्याच घरात. रोमानियात, ओल्त नदीच्या काठाला आमचं गाव आहे. नाव सांगत नाही. यातली माणसं अजून तिथेच राहतात.

आणि रात्रबित्र काही नव्हती.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार, आमच्याकडचा पितरांचा शनिवार. दुपारचे तीन वाजले होते. अंगणात ऊन होतं, कोंबड्या मातीत लोळत होत्या. भुतं अमावास्येलाच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी शनिवारी दुपारी आमच्याकडे यावं.

माझी सून स्मारांदा. वय चव्वेचाळीस. हात सोन्याचे, जीभ विळ्याची. ती जीभ तिने माझ्याकडून उचलली असं लोक म्हणतात. लोकांना काय, दुसरा उद्योग नसतो.

तिला एकच मुलगी, इलिंका. चौदा महिन्यांपूर्वी नर्सचं शिक्षण अर्धं टाकून ती स्पेनला निघाली, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. निघायच्या सकाळी मायलेकींचं कडाक्याचं वाजलं. पोर काहीतरी सांगू बघत होती. "आई, आधी ऐक तरी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. स्मारांदाने पुढचं ऐकलंच नाही.

"जा! पण परत येऊन माझ्या दारात रडायचं नाही."

ती गेली.

बापाला महिन्यातून एक निरोप यायचा, बरी आहे म्हणून. आईला काही नाही. फोन केला तर उचलायची नाही. चौदा महिने.

स्मारांदा यावर एक अक्षर बोलत नसे. पण जेवायला बसली की फोन ताटाच्या उजव्या बाजूला ठेवायची. चमच्याच्या जागी.

आणि मग एक दिवस तिने पॉडकास्ट काढायचं ठरवलं.

सगळ्यांना सांगताना म्हणायची, छंद म्हणून करतेय. विणकाम करतात, तसं. परदेशात राबणाऱ्या आपल्या बायकांना गावच्या गप्पा ऐकायला आवडतील. त्या बायकांमध्ये एक आपली पण आहे, हे ती म्हणायची नाही. मला न सांगता कळत होतं. नाव पण ठेवलं, 'फाटकापुढचं बाकडं'. आमच्याकडे प्रत्येक फाटकापुढे एक बाकडं असतं आणि संध्याकाळी सगळं गाव त्यावर बसून सगळ्या गावाची धुणी धुतं.

जागा निवडली कोठीच्या खोलीची. घरात सगळ्यात शांत तीच. भिंतींना बरण्यांच्या फळ्या, कोपऱ्यात आंबवलेल्या कोबीचं पिंप. आवाज घुमू नये म्हणून तिने माझ्या हुंड्यातल्या दोन लोकरी सतरंज्या खिळ्यांना टांगल्या. मला न विचारता. ते एक असो.

पहिले दोन भाग काढले. आलुबुखाराचा मुरंबा आणि डुकराची चरबी कशी कढवावी. ऐकणारी माणसं किती, तर एक. ती पण गावातल्या वाचनालयाची बाई, दोम्निका. शहरातून ऑक्टोबरातच बदलून आलेली. तिला यातलं कळायचं.

ती घरी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "कागद फाड आधी."

"का? सगळं मुद्देसूद लिहिलंय."

"तेच तर. मुरंब्यावर बोलतेस की चावडीवरची नोटीस वाचतेस?"

"मग काय करू? नाचू?"

"हजार लोकांशी बोलू नकोस गं. एकाशी बोल. समोर रिकामी खुर्ची ठेव, तिच्यावर मनातलं एक माणूस बसव आणि त्याला काहीतरी विचार. विचारलंस की थांब. लोकांना तुझी अक्कल नको असते, सोबत हवी असते."

"रिकाम्या खुर्चीशी बोलू? माझी सासू मला वेड्यात काढेल."

"सासूला दाराबाहेर ठेव."

मी दाराबाहेरच होते. म्हणून तर हे सगळं मला माहीत आहे.

दोम्निकाने अजून एक गोष्ट शिकवली. बोलायच्या आधी अर्धं मिनिट गप्प बसायचं आणि नुसती खोली रेकॉर्ड करायची. रिकाम्या खोलीला पण स्वतःचा आवाज असतो म्हणे. पुढे खोकला, शिंक कापून काढली की त्या जागी तो आवाज भरायचा. म्हणजे तिथे काही होतं हे कळत नाही.

आता साफ्ताबद्दल सांगते.

शेजारी झम्फिरा राहते. साफ्ता तिची मावशी. इलिंका गेली त्यानंतर महिनाभराने ती तिकडून, पार मोल्दोवाच्या बाजूने, विधवा होऊन भाचीकडे राहायला आली. तिकडच्या हेलात बोलायची. बोलायची म्हणजे काय, थांबायचीच नाही. दर वाक्यामागे "ऐकतेस ना गं?" आणि ऐकतेय की नाही ते न बघताच पुढचं वाक्य.

ती बाकड्यावर येऊन बसली की बायका एकेक करून उठायच्या. कुणाचं दूध उतू जायचं. कुणाची कोंबडी हरवायची. माझी पण हरवली आहे, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबरच्या शेवटी ती गेली. बाकड्यावरच. एकटीच बसली होती.

चाळीस दिवस भरले तो नेमका पितरांचा शनिवार. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्याच्या नावाने वस्तू देतात. खुर्ची, कप, ताटली, पाव, मेणबत्ती. जे इथे द्यावं ते त्याला तिकडे मिळतं. पण घेणाऱ्याने "बोगदाप्रोस्ते" म्हणावं लागतं, देव त्याला क्षमा करो. तो शब्द म्हणजे पोचपावती. शब्द नाही, तर वस्तू पोचत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत असतं.

झम्फिरा खुर्ची घेऊन आली. नवीकोरी, पाठीला पांढरा टॉवेल बांधलेला. वर कप आणि चमचा, पेटती मेणबत्ती, पाव.

"मावशीच्या नावाने, स्मारांदा."

स्मारांदाच्या कानांवर हेडफोन होते. आपलाच रडका दुसरा भाग ऐकत होती. तिने मान वर केली, हसली, आणि...

"मर्सी, मर्सी. ठेव तिथे," म्हणाली.

कुणी दार धरून उभं राहिलं तर थँक्यू म्हणतात, तसं.

झम्फिरा भिडस्त. खुर्ची ठेवून घरी गेली. मी तेव्हा चर्चमध्ये होते, नाहीतर तिथल्या तिथे म्हणायला लावलं असतं.

स्मारांदाने टॉवेल सोडला, मेणबत्ती विझवली. रिकामी खुर्ची हवीच होती, ही चांगली होती. तिने ती कोठीच्या खोलीत नेऊन आपल्यासमोर ठेवली. कप तसाच टेबलावर ठेवला, पाहुण्याचा म्हणून.

ओव्हनमध्ये घरचा पाव घातला. पावाला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात भाग उरकू म्हणून फोनला लावलेला माईक सुरू केला.

अर्धं मिनिट गप्प बसली.

मग समोरच्या खुर्चीवर तिने मनातलं माणूस बसवलं. कोण ते सांगायला नको.

"जेवलीस का?" तिने विचारलं. आणि थांबली.

"तिकडे थंडी पडली का?" थांबली.

"तुझ्या खोलीला खिडकी आहे का गं?"

असंच विचारत राहिली. मध्ये मुरंब्याचं बोलली, कोबीचं बोलली. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली. मला नंतर म्हणाली, आई, आयुष्यात पहिल्यांदा बोलायला इतकं हलकं वाटलं.

माईक बंद केला, पाव काढला. अगदी बेताचा भाजला होता. म्हणजे वीस मिनिटंच झाली होती.

पण रेकॉर्डिंग...

एकतीस मिनिटांचं होतं.

तिने पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. तिचं बोलणं तेवढंच होतं. पण प्रत्येक प्रश्नानंतरची शांतता लांबली होती. ती दोन श्वास थांबली असेल, तिथे अर्धं मिनिट झालं होतं. कुठे पूर्ण मिनिट. काहीच ऐकू येत नव्हतं. मध्येच पिंपातला कोबी बुडबुडायचा, बस.

मग तिने सुरुवातीचं ते अर्धं मिनिट लावलं. नुसत्या खोलीचा.

त्यात अगदी हळू...

टिंग... टिंग... टिंग...

कपात चमचा फिरत होता.

कप कोरडा होता. तिने जाऊन बघितला.

फोनमध्ये बिघाड असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि भाग तसाच चढवला. एवढ्या शांतता कापत बसायला वेळ कुणाला होता?

सोमवारी दोम्निका धावत आली.

"अगं बाई, ही पाहुणी कुठून पैदा केलीस?"

"कोण पाहुणी?"

"नाटकं करू नकोस. ती म्हातारी! काय बोलते गं ती. मी बसमध्ये एकटीच खो खो हसत होते, लोक बघायला लागले. आणि तू चक्क गप्प बसून ऐकतेस! मी सांगितलं होतं ना, विचार आणि थांब."

स्मारांदाला वाटलं, थट्टा करतेय.

पण आठवड्यात ऐकणाऱ्या चाळीस झाल्या. दुसऱ्या आठवड्यात तीनशे. इटलीहून, जर्मनीहून बायका लिहायला लागल्या. आजीबाईंना आमचा नमस्कार सांगा. आजीबाईंना विचारा, नवरा घोरत असेल तर काय करायचं. एकीने लिहिलं, मी दुसऱ्यांच्या आईचे पाय चेपते, माझी आई मागच्या वर्षी गेली, आजीबाई बोलतात तेव्हा घरी बसल्यासारखं वाटतं.

स्मारांदाने हेडफोन लावून ते भाग कितीदा ऐकले असतील.

काही नाही.

आपला प्रश्न. मग शांतता. मग आपलं हसणं...

हो. दर शनिवारी ती नवा भाग काढायची आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्या शांततेनंतर हसायला लागली होती. नेमकी वेळेवर. आपण कशाला हसलो, ते तिलाच माहीत नव्हतं.

मला पण ऐकवलं. माझे कान अजून धड आहेत, उंदीर कुठल्या भिंतीत आहे ते सांगते. मला कोबी ऐकू आला. बाकी काही नाही.

"बंद कर हे," मी म्हटलं.

"करते," ती म्हणाली.

आणि त्या रविवारी जेवण झाल्यावर फोन वाजला.

इलिंका.

स्मारांदाने तो दोन्ही हातांनी उचलला, गरम भांडं उचलतात तसा. मी समोर बसले होते. पोरीचा आवाज मला ऐकू येत होता.

"आई, मी ऐकते तुझं बाकडं."

"हो का गं?"

"सगळे भाग ऐकलेत. त्या आजीला बोलू देतेस तू. मध्ये तोडत नाहीस. तू असं कधी कुणाचं ऐकून घेतलंस, मला आठवतच नाही. मला वाटलं... आता फोन करायला हरकत नाही."

स्मारांदाने फोन कानाशी घट्ट धरला.

"आई? आहेस ना?"

"आहे. तू बोल. मी ऐकतेय."

आणि पोर बोलली. एक तासभर. चौदा महिन्यांपूर्वी जे सांगायचं होतं, ते पण सांगितलं. ते काय होतं ते इथे लिहिणार नाही, ते त्या दोघींचं आहे. स्मारांदाने मध्ये एक शब्द टाकला नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तिने ते पुसलं पण नाही.

फोन ठेवताना म्हणाली, "पुढच्या रविवारी करशील?"

"करेन. तू शनिवारचा भाग चुकवू नकोस म्हणजे झालं. आजीला माझा पापा दे."

मग बंद कशाला होतंय?

चार रविवार असे गेले. मी पण गप्प होते. इतक्या महिन्यांनी घरात त्या पोरीचं हसू ऐकू येत होतं.

पाचव्या रविवारी मी फोन मागून घेतला.

"काय गं इलिंके, ती म्हातारी एवढं बोलते तरी काय?"

"आजी, मजा येते! तिकडच्या मोल्दोवाच्या हेलात बोलते. आणि दर वाक्यामागे म्हणते, ऐकतेस ना गं? ऐकतेस ना गं?"

मी फोन सुनेच्या हातात दिला.

इलिंकाने साफ्ताला कधी बघितलं नव्हतं. तिचं नाव पण तिला माहीत नव्हतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची मेल्यावर पण गेली नव्हती.

आठवडाभर धीर झाला नाही. शनिवारी मी सुनेला कोठीच्या दारात गाठलं.

"ही खुर्ची कुठली?"

"झम्फिराने दिली. मावशीच्या नावाने."

"घेताना काय म्हणालीस?"

ती एप्रनला हात पुसायला लागली.

"काय म्हणालीस विचारते मी!"

"...मर्सी म्हणाले असेन."

"मर्सी! शाळा कॉलेज करून हे शिकलात तुम्ही. अगं, मेलेलं माणूस आहे ते, हॉटेलातला पोऱ्या नाही. बिचारी तिकडे उभी असेल पितरांच्या शनिवारपासून!"

मी तशीच झम्फिराकडे गेले. विचारल्याबरोबर तिचे डोळे भरले. "मावशी स्वप्नात येते, लिसावेताबाई. रोज. उभीच असते. म्हणते, बसायला नाही काही."

तिकडे बसायला नाही, म्हणून इकडे बसते. मला सगळं लख्ख कळलं. निदान तेव्हा तसं वाटलं.

"आज शनिवार आहे," मी परत येऊन सुनेला म्हटलं. "आत जा, खुर्चीसमोर बस आणि बोगदाप्रोस्ते म्हण. घेणारी तू, म्हणून तूच म्हणायचं. मी म्हटलेलं चालत नाही, नाहीतर कधीच म्हटलं असतं."

"आणि उद्याचा फोन?"

"काय?"

"इलिंका त्या बाईसाठी ऐकते, आई. ती गेली तर मी काय बोलणार? चरबी कशी कढवायची ते?"

"अगं, मेलेलं माणूस बसवून ठेवायचं घरात? पाप आहे ते."

ती आत गेली. दार लावून घेतलं.

मी दाराला कान लावला.

तिने काहीतरी विचारलं. मग शांतता. खूप वेळ शांतता. मग खुर्ची करकरली... दोनदा. तिची होती की समोरची, ते दाराबाहेरून कळत नाही.

मग ती हसली.

बाहेर आली तेव्हा चेहरा कोरा होता.

"म्हटलंस?"

"म्हटलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. इलिंका हसत हसत सांगत होती, "काल तर आजीने कहर केला, आई! ती कोंबडी हरवल्याची गोष्ट! गावातल्या बायका कशा एकेक करून उठून जायच्या..."

मी सुनेकडे बघितलं. ती सफरचंद सोलत होती. साल तुटू न देता, एकसंध, खाली बघून.

मी विचारलं नाही.

विचारलं असतं आणि तिने खरं सांगितलं असतं, तर मला काहीतरी करावं लागलं असतं. आणि ती खरंच म्हणाली असेल आणि तरी साफ्ता गेली नसेल, तर मग ते त्याहून वाईट होतं. आणि तो फोन मलाही हवा होता; आला की सुनेच्या आधी मी उठायचे. गुडघे दुखत असले तरी.

पण मन स्वस्थ बसेना. मी दुसरा मार्ग काढला. झम्फिराला सांगितलं, दुसरी खुर्ची आण आणि या वेळी मला दे. तिने नाताळानंतर आणून दिली, रीतसर, टॉवेल बांधून, मेणबत्ती लावून. मी अंगणात उभी राहून तीन वेळा म्हटलं. बोगदाप्रोस्ते! बोगदाप्रोस्ते! बोगदाप्रोस्ते! रस्त्यावरून जाणारा घोडागाडीवाला थांबून बघायला लागला.

त्या रात्रीपासून झम्फिराला स्वप्न पडलं नाही. साफ्ताला खुर्ची पोचली होती.

मी खुर्ची स्वयंपाकघरात ठेवली आणि निःश्वास सोडला. आता ती तिकडे बसेल. आता इकडे कशाला येईल?

रविवारी इलिंकाचा फोन आला.

"आजी, तुझ्यासाठी निरोप आहे."

"माझ्यासाठी? कुणाचा?"

"बाकड्यावरच्या आजीचा. कालच्या भागात म्हणाली, लिसावेताला सांगा, खुर्ची मिळाली, मऊ आहे. पण तिकडे ऐकणारं कुणी नाही, म्हणून मी आपली इथेच बरी. आणि म्हणाली..." पोर हसायला लागली. "म्हणाली, तिला म्हणावं, दाराआड उभी राहून गुडघे कशाला दुखवतेस? आत येऊन बस की!"



स्मारांदाला माझं दाराआड उभं राहणं माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी घरात थांबलेच नाही. दोनलाच चर्चमध्ये गेले. सगळ्यांच्या समाध्यांवर मेणबत्त्या लावल्या, साफ्ताच्या पण. तिथल्या बाईशी बोलत बसले, पाद्रीबाबांशी बोलले. पाच वाजेपर्यंत मला दहा जणांनी बघितलंय. विचारा कुणालाही.

घरी आले. सूनबाई गायीकडे गेली होती.

स्वयंपाकघरात माझी खुर्ची नव्हती.

कोठीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी आत गेले नाही. दारातूनच बघितलं. टेबलाच्या अलीकडे स्मारांदाची खुर्ची. पलीकडे साफ्ताची.

आणि तिच्या शेजारी, अगदी खेटून... माझी.

टेबलावर कप दोन होते.

"खुर्ची तू नेलीस का?" मी सुनेला विचारलं.

"मी समजले तुम्हीच ठेवलीत," ती म्हणाली. तिने माझ्या नजरेला नजर दिली. या वेळी खोटं बोलत नव्हती. सुनेचं खोटं मला कळतं.

मी ती खुर्ची बाहेर काढली नाही. हात लावायचं धाडस झालं नाही. मी, जिने तीन बाळंतपणं आणि दोन पूर काढले.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मी उठले नाही. सुनेने उचलला आणि थोड्या वेळाने माझ्यापुढे धरला.

"तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

"आजी!" पोरीचा आवाज आनंदाने चिरकला होता. "किती छान बोललीस गं काल!"

"...कुठे?"

"कुठे काय, बाकड्यावर! तू पण आलीस ते किती बरं झालं. मी तर रडलेच शेवटी. तू इतकं मनातलं बोलतेस, मला माहीतच नव्हतं. मी ईस्टरला घरी येतेय आजी. तुझ्यासाठीच. तिकीट पण काढलं."

सून माझ्याकडे बघत होती. तिने ते ऐकलं होतं. ईस्टरला येतेय. तिचे डोळे माझ्या तोंडाला चिकटले होते आणि त्यांत एकच गोष्ट होती... काही बोलू नका आई. देवाशपथ, काही बोलू नका.

मी चर्चमध्ये होते. दहा जणांनी बघितलं.

"आजी? ऐकतेस ना?"

"हो गं बाळा," मी म्हटलं. "आवडलं ना तुला?"

"खूप!"

तेव्हापासून दर रविवारी ती सांगते, आजी, काल पण छान बोललीस. मी हो म्हणते. तो भाग मी लावून बघते. मला कोबी ऐकू येतो. बाकी नुसती शांतता, पण आता ती आणखी लांब झाली आहे, दोघींपुरती.

मी तिथे काय बोलते, ते इलिंकाला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.